मेश्राम मॅडमचा हौ

मेश्राम मॅडमशी माझी पहिली ओळख झाली ती छतातून. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, गोंदिया रोडवरच्या आमच्या लहानशा पॉलिटेक्निकात माझं वर्कशॉप तळमजल्यावर होतं आणि मॅडमची इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बरोबर माझ्या डोक्यावर. त्या नव्यानंच आल्या होत्या. मी पोरांना लेथवर काही दाखवत होतो आणि वरून सगळ्या वर्गाचा मिळून एकच आवाज आला, "हौ". माझ्या हातातला पाना खाली पडला. मला वाटलं, कुणी पुढारी येऊन आश्वासन देऊन राहिला असेल. मग शांतता, मग पुन्हा "हौ". तिसऱ्या वेळी मी लेथ बंद केला आणि जिना चढून वर गेलो.

वरच्या व्हरांड्यात पोरं-पोरी रांगेत उभी होती. पहिला दुसऱ्याच्या कानात एक आकडा सांगायचा, दुसरा मोठ्यानं "हौ" म्हणायचा, आणि मगच पहिल्याला पुढचा आकडा सांगायची परवानगी. हौ आला नाही तर तोच आकडा पुन्हा. रांगेच्या टोकाला बुटक्या, सडसडीत, सुती साडीतल्या मॅडम अनवाणी उभ्या होत्या. चपला लॅबच्या दाराशी काढायची त्यांची सवय होती. मला पाहून त्या म्हणाल्या, "या, काळे सर. तुमी बी रांगेत लागा. इथं नुसतं पाहाले मनाई हाय."

मी लागलो. कानात आकडा आला, मी समजूतदारपणे मान डोलावली. मॅडमनी सगळी रांग थांबवली.

"मान नाई चालत सर. तारेले मान दिसते का?"

तो माझा त्यांच्याकडचा पहिला तास. यंत्राच्या पोटात जे छोटे छोटे प्रोसेसर बसवलेले असतात, मोटरसायकलपासून पिठाच्या गिरणीपर्यंत, ते आपल्या शेजारच्या चिपशी दोन बारीक तारांवर बोलतात. एकानं काही पाठवलं की दुसऱ्यानं क्षणभर तारेतलं व्होल्टेज खाली ओढून 'मिळालं' असं कळवायचं असतं. पुस्तकात याला एक लांबलचक इंग्रजी शब्द आहे. आमच्या लांजी-किरनापूरकडच्या खेड्यांतल्या पोरांना तो बोलता येत नव्हता आणि लिहिता तर त्याहून येत नव्हता. मॅडमनी तो फेकून दिला आणि त्या जागी आमच्याकडचा हौ बसवला. पुण्या-मुंबईकडची माणसं 'हो' म्हणतात, आम्ही 'हौ' म्हणतो, एवढाच काय तो फरक. मॅडमचा एक विद्यार्थी पुढे पुण्याला मुलाखतीला गेला आणि तिथल्या साहेबांना बिनदिक्कत म्हणाला, "उसके बाद सर, हौ बिट आता है." नोकरी मिळाली त्याला. साहेब मूळचे अमरावतीचे निघाले.

मॅडमचा राग पाहायचा असेल तर न समजता हौ म्हणावं. मग त्या खडू खाली ठेवत, चष्मा काढत आणि हळू आवाजात सांगत, "खोटा हौ लय वाईट, बाबू. तार तुटली तं समजते. खोटा हौ समजतच नाई. मशीन बिचारी भरोशावर पुढं जाते अन् मरते." हे त्या फळ्यापुरतं बोलत नव्हत्या. फोनवर समोरचा नुसता "हां हां" करत राहिला तर त्या सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगत. आमचे प्राचार्य तिवारी सर जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. पण मॅडमच्या फोनला घाबरून तेही चोख हौ म्हणायला शिकले होते. बुधवारच्या बाजारात भाजीवालीसुद्धा त्यांना पिशवी देताना "हौ बाई, हौ" असं आधीच म्हणून टाकायची.

त्यांच्या अंबाड्यात कायम एक जादाची यू-पिन असे. ती केसांसाठी नव्हती. बोर्ड अडकून बसला की त्यावरचं बारीक रिसेटचं बटण दाबायला ती बाहेर यायची आणि काम झालं की परत अंबाड्यात जायची. भर स्टाफ मीटिंगमध्ये तिवारी सर एकाच वाक्यावर तिसऱ्यांदा अडकले तेव्हा मॅडमचा हात नकळत अंबाड्याकडे गेलेला मी पाहिला आहे. मी खोकून वेळ निभावून नेली.

मॅडमचे बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. घर खाणीच्या वसाहतीतच. जेवता जेवता बोलावणं आलं की बाबा घास खाली ठेवत, आई ताटावर दुसरं ताट झाकत असे, आणि बाबा सायकल काढत. परत आले की झाकण उघडून त्याच घासापासून पुढे. मॅडम ही गोष्ट दर वर्षी सांगत, आणि इतक्या उत्साहानं सांगत की जणू बाबा आत्ताच सायकलवर टांग मारून गेलेत. प्रोसेसरला मधेच तातडीचं काम आलं तर हातातलं काम जिथल्या तिथं नीट ठेवून उठायचं असतं, एवढंच शिकवायचं असे. त्यांच्या वर्गातल्या पोरांना कुणी मधेच हाक मारली की बाकीचे ओरडत, "ताट झाकलं का बे?"

अशा या बाईंवर एके दिवशी शाखा वाचवायची पाळी आली.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे शहरातले मोठे कंत्राटदार. माणूस वाईट नव्हता, पण इलेक्ट्रॉनिक्सकडे पाहिलं की त्यांना रिकामी बाकंच दिसत. त्यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की आता कंपन्या कॉलेजचं नाव विचारत नाहीत, शिकवणाऱ्याकडे एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या प्रोसेसरच्या इंजिनिअरचं व्यावसायिक प्रमाणपत्र आहे का ते विचारतात. पुढच्या सत्रापर्यंत एका तरी शिक्षकाकडे ते असेल तर शाखा चालेल, नाही तर नवीन प्रवेश बंद. इलेक्ट्रॉनिक्सला शिक्षक म्हणजे मॅडम आणि रोज दोन तास शिकवायला येणारे तरुण गृहस्थ, जे त्याच आठवड्यात रायपूरला निघून गेले.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी शिकलेला प्रोसेसर आता संग्रहालयात ठेवायच्या लायकीचा. मी त्यांना समजावलं की या वयात परीक्षा म्हणजे उगाच डोक्याला ताप. तेव्हा त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि खाली बसमधून उतरणाऱ्या पोरी दाखवल्या. त्यात हट्टा गावची रोशनी होती, दुसऱ्या वर्षाची, वर्गातली सगळ्यात हुशार.

"हिची लहान बहीण औंदा बारावीले हाय," मॅडम म्हणाल्या. "नागपूरले कोनी नाई पाठवत तिले. इथली शाखा गेली तं त्या पोरीचं शिक्षण गेलं. आता सांगा, डोक्याले ताप कोनाच्या?"

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणणं कठीण आहे. मॅडम धावत होत्या. नवा बोर्ड मागवला. त्यावरचा पहिला दिवा लुकलुकला तेव्हा त्या बोर्ड, केबल आणि लॅपटॉप तसाच पदरात धरून जिना उतरून माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरची ट्यूबलाइट कितीतरी वर्षांपासून अशीच लुकलुकते." त्या इतक्या खुशीत होत्या की माझा टोमणा त्यांना लागलाच नाही. नवीन प्रोसेसरची जवळची आणि लांबची मेमरी समजली त्या दिवशी तर कँटीनमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं की हा तर आपला स्वयंपाक आहे. मिठाची बरणी ओट्यावर, पोतं कोठीत, आणि दर चिमटीला कोठीत जाणारी बाई मूर्ख. कँटीनवाल्यानंही मान डोलावली आणि लगेच सावरून "हौ" म्हणाला.

परीक्षा घरबसल्या द्यायची होती, म्हणजे एका बंद खोलीत, कॅमेऱ्यासमोर, माइक चालू ठेवून. पलीकडे कुठल्या तरी देशात बसलेला निरीक्षक पाहणार आणि ऐकणार. खोलीत दुसरं कुणी नको, नजर पडद्यावरून हलायला नको, बोलायचं नाही. संधी दोनच. आम्ही जुन्या स्टोअरची खोली झाडून दिली. मॅडम निळी साडी नेसून आत गेल्या, दार लागलं, आणि आम्ही चहा टाकला. चहा उकळायच्या आत दार उघडलं.

"बंद केली त्यायनं," मॅडम म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता. तीनदा पडद्यावर ताकीद आली, बोलू नका म्हणून. बोलत नाही असं त्यांनी सांगितलं. चौथ्या वेळी परीक्षाच बंद.

काय झालं ते दोन दिवसांनी कळलं. ईमेल आला तो तिवारी सरांनी स्टाफरूममध्ये वाचला. त्यात लिहिलं होतं की उमेदवार प्रत्येक प्रश्नानंतर खोलीतल्या दुसऱ्या कुणाला तरी इंग्रजीत 'हाऊ? हाऊ?' असं विचारत होती. तिवारी सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मैडम, आप किससे पूछ रही थीं?"

"मी कोनाले इचारू? मी तं एकटीच होती." मॅडम गोंधळल्या होत्या. मग त्यांनी तो शब्द स्वतःशी पुटपुटला, एकदा इंग्रजी करून आणि एकदा आपल्यासारखा, आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई. हौ."

उत्तर सापडलं की त्या स्वतःलाच हौ म्हणत होत्या. आयुष्यभराची सवय. बाई होकार देत होती आणि साता समुद्रापलीकडच्या त्या माणसाला प्रश्न ऐकू येत होता. स्टाफरूममध्ये असं हसू फुटलं की तिवारी सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमही हसल्या, पदर तोंडाला लावून खूप वेळ हसल्या, आणि पदर काढला तेव्हा त्या रडत होत्या.

त्यांनी कळवून पाहिलं की आमच्या भाषेत याचा अर्थ 'मिळालं, समजलं' असा होतो. उत्तर नम्र आलं. खुलाशाची नोंद घेतली, पण ती संधी गेली ती गेलीच. दुसऱ्या वेळी आवाज नको.

अध्यक्षांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि आडून आडून सुचवलं की अशी प्रमाणपत्रं करून देणारी माणसं असतात, भिंतीवर लावायला कागद तर हवा, कोण तपासतंय. मी तिथेच होतो. मॅडम शांतपणे उठल्या.

"साहेब, मी पोरायले रोज सांगतो का खोटा हौ देऊ नोका. अन् मीच भिंतीवर लटकवू?"

अध्यक्षांनी विषय बदलला. पण शाखेवरची टांगती तलवार तशीच राहिली, आणि आता एकच संधी उरली होती.

म्हणजे सगळा अभ्यास होऊन अडचण काय, तर तोंड. मॅडमना प्रश्न सोडवता येत होते, पण सोडवून गप्प बसता येत नव्हतं. मी तोंडात लवंग धरायला सांगितलं, तर नियमात खाणं बसत नव्हतं. पोरांनी खेळ काढला. मॅडम पडद्यासमोर बसून प्रश्न सोडवायच्या आणि हौ निघाला की सगळ्या वर्गानं बाक वाजवायचं. दिवसभर वरून बाकांचा गडगडाट चालू. ओठ घट्ट मिटले तर नाकातून हौ यायचा. नुसती मान हलवायची म्हटलं तर नजर पडद्यावरून सुटायची. आणि हौ पूर्णच दाबला तर आणखी वाईट, उत्तर बरोबर असूनही त्यांना पुढे जाववत नसे. त्याच प्रश्नावर घुटमळत बसत. पावती मिळाल्याशिवाय पुढचा आकडा पाठवायचा नाही, हे त्यांनी इतरांना शिकवता शिकवता स्वतःच्या हाडात भिनवलं होतं.

एका दुपारी त्या वैतागून माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसल्या. मी पत्र्याला स्पॉट वेल्डिंग करत होतो. या मशीनला पायाशी पेडल असतं. दोन्ही हातांनी पत्रा धरायचा, नजर जोडावर ठेवायची, आणि जोड जुळला की पायानं पेडल दाबायचं. बस, ठिणगी. मॅडम बघत राहिल्या. मग स्टूल सरकवून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा करा." मी केलं. "पुन्हा." मी म्हटलं, पत्रा संपेल. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी चप्पल काढली होती आणि माझ्या पेडलबरोबर त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबला जात होता.

"डोये कामावर, हात कामावर, अन् हौ पायात," त्या म्हणाल्या. "लाइन बदलाची, काळे सर. बोलणं तेच ठेवाचं."

आणि जिन्यावरून त्या अशा पळत गेल्या की चप्पल माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सगळं कॉलेज दबक्या पावलांनी चालत होतं. स्टोअरच्या खोलीच्या मागच्या खिडकीला आम्ही आतून कागद लावले होते, पण खालची एक पट्टी उघडी राहिली होती. तिथून टेबलाखालचे मॅडमचे पाय तेवढे दिसत. पाय पाहायला मनाई असल्याचं नियमांत कुठे लिहिलं नव्हतं. रोशनी पट्टीशी उकिडवी बसली आणि आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं तिनं वळून हाताचा अंगठा दाबून दाखवला. चाललं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर नगरपालिकेची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळली. ते गाणं मेलेल्याला उठवेल. मी या वयात कधी पळालो नव्हतो तेवढा पळालो आणि गाडीसमोर उभा राहिलो. ड्रायव्हरचं म्हणणं रास्त होतं, "सर, गाना बंद करूँगा तो लोग कचरा लेके निकलेंगे नहीं." मी म्हटलं, लोकांना मी काढतो. मग तो मुक्यानं गाडी चालवत राहिला आणि यंत्र विभागाचा प्रमुख, म्हणजे मी, त्याच्यापुढे घरोघरी कड्या वाजवत, बायकांना हातवारे करून डबे बाहेर आणायला सांगत फिरला. काही जणींनी मला चहाही विचारला. गल्ली संपवून मी धापा टाकत परतलो तेव्हा सगळी मंडळी खिडकीशी गोठून उभी होती.

रोशनी कुजबुजली, "सर, अंगूठा दबा हुआ है. उठा ही नहीं रहीं."

याचा अर्थ कुणालाच कळेना. अडल्या की काय? पाय आखडला? तिवारी सर मनातल्या मनात कसला तरी जप करत होते. मी पट्टीतून पाहिलं. अंगठा फरशीत रुतल्यासारखा दाबलेला, नखाचा रंग गेलेला, आणि पाऊल थरथरत होतं. मला तिथून हलवेना. या बाईसाठी मला एवढं वाटत असेल हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

मग आत खुर्ची सरकली. लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. आणि इतक्या दिवसांचा साठवलेला तो शब्द बाहेर पडला.

"हौ."

असा हौ मी पुन्हा ऐकला नाही. निकाल पडद्यावर आला होता, पण निरीक्षक निघून जाईपर्यंत बाईंनी तो अंगठ्याखाली दाबून धरला होता. दार उघडायच्या आधीच सगळ्या व्हरांड्यानं उलट हौ दिला, वरच्या लॅबमधल्या पोरांनी दिला, माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांनी काही न कळता दिला. तिवारी सर तर अस्सल आमच्या बोलीत ओरडले. कोपऱ्यावर थांबलेल्या ड्रायव्हरनं काय समजायचं ते समजून गाणं पूर्ण आवाजात सोडलं, आणि त्या कचऱ्याच्या गाण्यावर आमची पोरं नाचली. मॅडम दारात उभ्या होत्या, अनवाणी, अंबाडा सुटलेला, यू-पिन हातात. त्या मला एवढंच म्हणाल्या की तुमच्या पेडलचे उपकार झाले. मी काही तरी थट्टेचं बोलणार होतो, पण पोरांनी मला नाचात ओढलं आणि ते राहूनच गेलं.

शाखा चालू राहिली. रोशनीची बहीण पहिल्या यादीत आली. पुढल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि नागपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. सामान बांधून झालं तसा मी निरोप घ्यायला कॉलेजात गेलो. लॅबला कुलूप होतं. मॅडम कुठे म्हणून विचारलं तर शिपायानं तोंडावर बोट ठेवून मागची बाजू दाखवली.

स्टोअरच्या खिडकीशी, त्याच उघड्या पट्टीसमोर, मॅडम एका स्टुलावर बसल्या होत्या. चपला बाजूला. आत रोशनी परीक्षेला बसली होती, तीच परीक्षा, आणि टेबलाखाली तिचे पाय दिसत होते. तिचा अंगठा दाबला गेला की इकडे मॅडमचा दाबला जाई. दोघींमध्ये एक भिंत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिथे उभं राहणंही आगाऊपणाचं वाटलं.

पण गाडी उद्या सकाळची होती. मी वाकून अगदी हळू म्हटलं, "येतो, मॅडम. उद्या निघतो."

त्यांची नजर पट्टीवरून हलली नाही. त्यांनी ऐकलं की नाही कळेना. आता इतकी वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर काढल्यावर मला एवढं तरी माहीत होतं की हौ आला नाही तर काय करायचं असतं. मी पुन्हा म्हटलं, "येतो, मॅडम."

त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबला गेला, आणि तसाच राहिला.

मी पट्टीतून आत पाहिलं. रोशनीचा पाय हलला नव्हता.